दोन ईद आणि उरलेले दिवस

वाचकहो, शरीअतने आपल्याला वर्षात दोनच ईद दिल्या. मग उरलेले दिवस आनंदावाचून काढायचे काय? प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण अशी की, घास खाऊन वा घोट पिऊन अल्लाहची स्तुती करणाऱ्या दासावर अल्लाह प्रसन्न होतो. त्यात पक्वान्नाची अट नाही. श्रीपूरच्या शिवारात दिवसभर ऊस तोडून पालावर परतलेला मजूर भाकरी खाऊन 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणतो, तेव्हा तोही या प्रसन्नतेचा धनी होतो. मात्र त्याने शुक्र करावा आणि आपण त्याच्या हलाखीकडे पाठ फिरवावी, असा याचा अर्थ नव्हे. रश्श्यात पाणी वाढवून शेजाऱ्याची आठवण ठेवा, असेही प्रेषितांनी ह. अबू जर (र.) यांना सांगितले होते. तेव्हा आनंदासाठी कर्ज काढू नका. आज चुलीवर जे आहे, त्यातली एक वाटी शेजारी पोचवा.