सॉकर म्हटले की राग कुणाला येतो?

अमेरिकन माणसाने 'सॉकर' म्हटले की इंग्लंडचा चाहता त्याला दुरुस्त केल्याशिवाय राहत नाही. पायाने खेळतात तो फुटबॉल, तुम्ही तर चेंडू काखोटीला मारून पळता, हा त्याचा ठरलेला टोमणा. त्यात दम नाही, कारण शब्द मुळात इंग्लंडचाच आहे. २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये काही क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि फुटबॉल असोसिएशनचा जन्म झाला. चेंडू हातात घेऊन पळू द्यायचे का, आणि समोरच्याच्या नडगीवर लाथ घालण्याची मुभा ठेवायची का, यावरून पुढच्या बैठकांत फाटले. लाथ हवी असणारे ब्लॅकहीथवाले बाहेर पडले. १८७१ मध्ये रग्बीवाल्यांनी आपली स्वतंत्र संघटना काढली. दोन्हीकडचे लोक आपल्या खेळाला फुटबॉलच म्हणत. मग ऑक्सफर्डच्या पोरांनी आपल्या आवडत्या 'अर' या शेपटाने रग्बीचे 'रगर' केले आणि 'असोसिएशन'मधला मधलाच तुकडा उचलून 'सॉकर' बनवले.

हा शब्द इंग्लंडात पुढे शंभरेक वर्षे सुखाने नांदला. 'वर्ल्ड सॉकर' हे मासिक १९६० मध्ये लंडनमध्येच सुरू झाले. मँचेस्टर युनायटेडचे मॅट बझ्बी यांच्या १९७३ सालच्या आत्मचरित्राच्या नावात सॉकर आणि फुटबॉल हे दोन्ही शब्द आहेत, आणि त्यात काही विसंगत आहे असे त्यांना वाटलेले दिसत नाही. पेले १९७५ मध्ये न्यूयॉर्क कॉसमॉसकडून खेळू लागला, अमेरिकेतल्या सॉकर लीगचा गाजावाजा अटलांटिकपलीकडे पोहोचला, आणि त्यानंतर इंग्लंडमधल्या छापील मजकुरातून हा शब्द ओसरत गेला. अर्थतज्ज्ञ स्टीफन शिमान्स्की यांनी ही उतरण वर्तमानपत्रांतून मोजून दाखवली आहे. अमेरिकनांनी उचलला म्हणून इंग्रजांनी टाकला, असा त्यांचा निष्कर्ष. मला तो पटतो, पण पुरता नाही. सॉकर हा पब्लिक स्कूल आणि ऑक्सफर्डच्या साहेबी बोलीतला शब्द; बोल्टन-ब्लॅकबर्नच्या गिरणीगावांत शनिवारी दुपारी लोक बघायला जायचे तो फुटबॉल. म्हणजे अमेरिकेवर खापर फोडण्याआधी हे भांडण घरातले होते, वर्गावर्गांतले होते. शब्दाला परदेशी ठरवले की ते विसरता येते.

आणि हे भांडण इतके चढ्या आवाजात का होते, याचे एक कारण मैदानावर सापडते. पुरुषांच्या विश्वचषकात २०२२ पर्यंत इंग्लंड आणि अमेरिका तीनदा भिडले आणि इंग्लंडला एकदाही जिंकता आलेले नाही. २०१० मध्ये इंग्लंडचा गोलरक्षक रॉबर्ट ग्रीन याच्या हातांतून निसटलेल्या चेंडूने १-१. २०२२ मध्ये ०-०. आणि सगळ्यांत आधी २९ जून १९५०, ब्राझीलमधले बेलो होरिझोंती. अमेरिकेचा गोलरक्षक फ्रँक बोर्गी एरवी शववाहिका चालवायचा, वॉल्टर बार शाळामास्तर, हॅरी किओ टपाल खात्यातला. ३८व्या मिनिटाला बारने लांबून चेंडू हाणला आणि जो गेटजेन्सने पुढे झेपावून त्याला डोके लावले. हा गेटजेन्स हैतीचा. न्यूयॉर्कला शिकायला आलेला आणि पोटासाठी हॉटेलात भांडी घासणारा. त्याच्याकडे अमेरिकेचे नागरिकत्वही नव्हते. १-० असा तो सामना संपला. अमेरिकेत त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही, आणि मला वाटते इंग्लंडला जास्त लागले असेल ते हेच. हरवणाऱ्याला आपण हरवल्याची किंमतच नसेल, तर वैर धरायचे कुणाशी?

महिलांच्या खेळात तर चित्र आणखी उलटे आहे. अमेरिकेच्या नावावर चार विश्वचषक आहेत. २०१९ मध्ये लिऑनच्या उपांत्य सामन्यात इंग्लंडवर गोल केल्यावर अ‍ॅलेक्स मॉर्गनने करंगळी उंचावून चहाचा घुटका घेतल्याचा अभिनय केला, तेव्हा काहींना तो उद्धटपणा वाटला. चार विश्वचषक जिंकणाऱ्यांनी खेळाला कोणते नाव द्यावे, हे त्यांना कोण शिकवणार?

ज्या वैरात खरोखर काही पणाला लागलेले असते, तिथे नावाचा प्रश्न निघतच नाही. अमेरिका आणि मेक्सिको घ्या. एक सॉकर म्हणतो, दुसरा स्पॅनिशमध्ये 'फूत्बोल' म्हणतो, आणि त्यावरून कुणी कुणाशी हुज्जत घालत नाही. जून २०११ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या रोझ बोलमध्ये गोल्ड कपचा अंतिम सामना झाला. प्रेक्षक नव्वद हजारांवर, आणि बहुतेक मेक्सिकोच्या हिरव्या जर्सीत. सामना अमेरिकेत, यजमान अमेरिका, आणि घरच्या मैदानावर पाहुणे ठरले तेही अमेरिकनच. ०-२ असा मागे पडलेला मेक्सिको ४-२ ने जिंकला. त्या हिरव्या गर्दीतले कितीतरी लोक दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच शहरात कामावर गेले असतील. सरहद्द, स्थलांतर, भाषा, मजुरी हे सारे ज्या सामन्यात आधीच उतरलेले आहे, तिथे शब्दाचे भांडण उकरून काढायला सवड कुणाला असते?

आपल्याकडे हा प्रश्न उद्भवला नाही. कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा ईर्षेला तोटा नसतो, पण खेळाचे नाव फुटबॉल हे ठरलेले. रग्बी मुंबईच्या जिमखान्यांपलीकडे फारसा गेलाच नाही. त्या नावावर दुसरा दावेदारच नव्हता. न्यू जर्सीला नातवंडांकडे गेलेल्या आजी-आजोबांच्या तोंडी 'सॉकर प्रॅक्टिस' रुळते तेही याच हिशेबाने. तिथे फुटबॉल म्हटले की हेल्मेट घातलेली दुसरीच पोरे डोळ्यांपुढे येतात.

माझे म्हणणे असे की नावाचा खरा वाद दोन देशांमध्ये नसतो, तो एकाच देशाच्या पोटात असतो. आयर्लंडमध्ये तो स्पष्ट दिसतो.

१८८४ मध्ये थर्ल्स गावी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली, ती इंग्रजी खेळांना पर्याय म्हणून. तिथल्या खेडोपाडी आजही फुटबॉल म्हणजे गेलिक फुटबॉल. दुसरा तो सॉकर, पलटणीचा खेळ, ब्रिटिश शिपायांनी आणलेला. २१ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कवर गेलिक सामना सुरू असताना ब्रिटिश दलांनी गोळीबार केला. चौदा जण गेले. त्यांत टिपरेरीचा खेळाडू मायकल होगन होता. या पार्श्वभूमीवर संघटनेची ती बंदी वाचली पाहिजे : सभासदाने परकी खेळ खेळायचा नाही, बघायलाही जायचे नाही. सामन्यांना कोण जाते यावर पाळत ठेवायला समित्या असत. १९३८ मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड आयर्लंड-पोलंड सामन्याला हजर राहिले, तर संघटनेने त्यांचे आश्रयदातेपद काढून घेतले. आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी आयुष्य वेचलेला हा माणूस, ज्या देशाचा तो प्रमुख त्याच देशाच्या संघाचा सामना पाहिला म्हणून बाहेर! स्वाभिमानाच्या रक्षणासाठी घातलेले कुंपण आपल्याच माणसांना कसे रक्तबंबाळ करते, याचे इतके चोख उदाहरण मला दुसरे आठवत नाही. बंदी उठली ती १९७१ मध्ये.

पुढचा भाग आणखी गमतीचा आहे. १२ जून १९८८ रोजी श्टुटगार्टमध्ये आयर्लंडने याच 'पलटणीच्या खेळा'त इंग्लंडला १-० ने हरवले. गोल करणारा रे हॉटन जन्माने ग्लासगोचा, डोनेगलहून पोटापाण्यासाठी गेलेल्या बापाचा मुलगा. प्रशिक्षक जॅक चार्ल्टन तर इंग्लंडच्या १९६६ च्या विश्वविजेत्या संघातला. गेलिक खेळात इंग्लंडला हरवण्याची सोयच नव्हती, तिकडे तो खेळतो कोण? वैर निभवायचे तर खेळही वैऱ्याचाच घ्यावा लागतो. १९९५ मध्ये डब्लिनच्या लॅन्सडाउन रोडवर इंग्लंडच्या टोळक्यांनी वरच्या सज्जातल्या खुर्च्या उखडून खाली भिरकावल्या आणि सामना २७व्या मिनिटाला सोडून द्यावा लागला. खेळाला काय म्हणायचे हा त्या दिवशी कुणाचाच मुद्दा नव्हता. २००७ मध्ये लॅन्सडाउन रोडचे काम निघाले, तेव्हा क्रोक पार्कने सॉकरला दार उघडले. आयर्लंडने वेल्सला हरवले, आणि गेलिक फुटबॉलला काही ओहोटी लागली नाही.

ऑस्ट्रेलियात ही जखम वेगळ्या जागी आहे. मेलबर्नमध्ये १८५९ पासून त्यांचा स्वतःचा फुटबॉल आहे, सिडनीकडे रग्बी लीग. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रीक, इटालियन, क्रोएशियन माणसे बोटी भरभरून आली आणि त्यांनी आपापले क्लब काढले : साउथ मेलबर्न हेलास, मार्कोनी, सिडनी क्रोएशिया. सॉकर हा मग 'त्यांचा' खेळ झाला. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघाचे माजी कर्णधार जॉनी वॉरन यांनी २००२ मधल्या आपल्या पुस्तकाला तीन शिव्यांचेच नाव दिले. हा खेळ खेळणाऱ्यांना ज्या ऐकाव्या लागत त्या शिव्या. २००५ मध्ये फ्रँक लोवी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय संघटनेने आपल्या नावातला सॉकर काढून फुटबॉल घातला. लोवी स्वतः चेकोस्लोव्हाकियात जन्मलेले स्थलांतरित. त्याच वर्षी नवी ए-लीग सुरू झाली आणि स्थलांतरितांचे जुने क्लब तिच्या बाहेर राहिले. २०१४ मध्ये तर नव्या क्लबांनी वांशिक ओळख सांगणारी नावे घेऊ नयेत असे धोरणच आले. नाव बदलून खेळ सगळ्या देशाचा करायचा हा हेतू चांगलाच, पण ज्यांनी तो पन्नास वर्षे जगवला त्यांनाच दाराबाहेर ठेवून? हे मला आयरिश बंदीचेच सौम्य, गुळगुळीत भावंड वाटते. २०१९ मध्ये ते धोरण मागे घेतले गेले. राष्ट्रीय संघाला मात्र लोक अजून 'सॉकरूज'च म्हणतात.

त्या साउथ मेलबर्नचा एक खेळाडू आणि पुढे प्रशिक्षक म्हणजे अँज पोस्टेकोग्लू, पाच वर्षांचा असताना ग्रीसहून आलेला. जानेवारी २००० मध्ये त्याने हा क्लब माराकानावर मँचेस्टर युनायटेडसमोर उतरवला. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाला आशियाई चषक जिंकून दिला. २०२५ मध्ये लंडनच्या टॉटनहॅमला युरोपा लीग मिळवून दिली, आणि त्यानंतर पंधरवडा उलटला तसे टॉटनहॅमने त्याला काढून टाकले. फुटबॉल म्हणावे की सॉकर, हे त्याला तिथे कुणी विचारले नसावे. लीगमधला सतरावा क्रमांक पुरेसा होता.