शोकाची मुदत आणि साक्षीचे कर्तव्य



दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्याच्या इतर गावांप्रमाणे आपल्या जाफराबादेतही मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजारोहण होते. आपण त्यात सहभागी होतो आणि व्हायलाच हवे. निजामाची एकतंत्री राजवट संपली, तो कोणा एका धर्माच्या लोकांचा पराभव नव्हता. मात्र मध्यंतरी याच दिवशी तालुक्यातील एका घरात सातवीतला मुलगा शाळेतून आला आणि दप्तरही न ठेवता त्याने विचारले, "अम्मी, आपण रझाकार होतो का?" भाषण करणाऱ्यांनी खोटे काही सांगितले नव्हते. रझाकारांनी गावे लुटली, निरपराधांना मारले, हे सत्य आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. पण मुलाने ते सारे मान खाली घालून ऐकले होते. आईला काय उत्तर द्यावे ते सुचेना.

या दिवसाची दुसरी बाजू आपल्या घरांतून दबक्या आवाजात सांगितली जाते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली आणि त्यानंतरच्या दिवसांत संस्थानातील असंख्य निःशस्त्र मुसलमान मारले गेले. पंडित नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने हा आकडा किमान २७ ते ४० हजारांच्या दरम्यान असावा, असा अंदाज दिला. उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचली. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. आपल्या वडीलधाऱ्या बायका मात्र वयाचा हिशोब अगदी परवापर्यंत "पोलीस ॲक्शनच्या वेळी मी एवढी होते" असाच करीत.

म्हणजे एकाच तारखेला एक दुःख ध्वनिक्षेपकावरून सांगितले जाते आणि दुसरे उंबरठ्याच्या आत राहते. मग स्मरण अति झाले म्हणावे की अपुरे? मला वाटते, किती वेळा आठवले हे मोजून या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

शरीअतने शोकाला मुदत घातली आहे. कोणाही आप्तासाठी तीन दिवस, पतीसाठी पत्नीला चार महिने दहा दिवस. उम्मे हबीबा (र.) यांचे वडील वारले, तेव्हा त्यांनी चौथ्या दिवसाच्या सुमारास मुद्दाम सुगंध मागवून लावला, त्याची गरज होती म्हणून नव्हे, तर प्रेषितांची (स.) ही मर्यादा पाळायची होती म्हणून. अश्रूंना मात्र मनाई नाही. पुत्र इब्राहीम यांच्या मृत्यूसमयी प्रेषितांचे (स.) डोळे भरून आले होते. ह. याकूब (अ.) यांची दृष्टी तर पुत्रवियोगाने गेली, आणि त्यांनी आपले गाऱ्हाणे अल्लाहपुढेच मांडले.

याच कुरआनात फिरऔनने इस्राईलच्या संततीची मुले कापल्याचा प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. शोकाला मुदत आणि जुलमाच्या कथनाला मुदत नाही, हे कसे? मला वाटते, येथे दोन वेगळी कर्तव्ये आहेत. शोक हा जिवंतांच्या मनाचा भार आहे. तो उतरला पाहिजे, नाहीतर माणूस मोडतो. साक्ष हा मृतांचा हक्क आहे आणि तो काळाने बुडत नाही. पण साक्ष द्यायची ती न्यायाने. एखाद्या समूहाच्या वैरापोटीही न्याय सोडू नका, अशी अल्लाहची आज्ञा आहे. आणि होऊन गेलेल्या समुदायाची कमाई त्याच्याकडे, तुमची तुमच्याकडे, त्यांच्या कृत्यांविषयी तुम्हांला विचारले जाणार नाही, हेही सूरह अल-बकरामध्ये सांगितले आहे. स्मरण अति होते ते या ठिकाणी: समोर बसलेल्या सातवीतल्या मुलाला जेव्हा मेलेल्या जुलमी माणसाच्या जागी उभे केले जाते.

वहशी यांचा प्रसंग मला वारंवार आठवतो. उहुदच्या रणांगणात त्यांनी प्रेषितांचे (स.) लाडके चुलते ह. हमजा (र.) यांना ठार केले होते. पुढे ते इस्लाम स्वीकारून आले. प्रेषितांनी (स.) त्यांना स्वीकारले, फक्त एवढे सुचविले की, शक्य असेल तर आपला चेहरा माझ्यापुढे आणू नका. दुःख विसरल्याचे सोंग नाही आणि सूडही नाही. उहुदच्या शहीदांसाठी तर त्यांनी आठ वर्षांनंतरही दुआ केली.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात दफनाची जागा देण्यास विश्वस्तांनी नकार दिला होता. मुसलमानांनी उघडपणे दिलेली ती साक्षच होती. त्यानंतरही दर नोव्हेंबरला जर एखाद्या मुस्लिम शेजाऱ्याकडे निषेधाची नव्याने मागणी होत असेल, तर ती शहीदांना आदरांजली राहत नाही, शेजाऱ्याची परीक्षा होते.

पण वाचकहो, दोष एकाच बाजूला देऊन कसे चालेल? सप्टेंबर लागला की आपल्याही मोबाइलवर प्रेतांची छायाचित्रे फिरू लागतात. ती कोठली, कधीची, कोणी पाहत नाही. खातरजमा न करता बातमी पसरविणे आपल्याला मना आहे. मृतांच्या नावाने केले म्हणून ते पुण्य होत नाही. आणि त्याच अहवालात, हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुस्लिम शेजाऱ्यांना वाचविल्याचीही नोंद आहे. ती कोणी पुढे पाठवीत नाही.

त्या मुलाच्या आईने दोन दिवसांनी मला विचारले. मी तिला शोएबुल्लाह खान यांच्याविषयी सांगितले. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे ते संपादक. रझाकारांविरुद्ध आणि भारतातील विलीनीकरणाच्या बाजूने त्यांनी लिहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. तेव्हा ते जेमतेम तिशीच्या आसपास होते. मुलाने ते नाव कधी ऐकले नव्हते; आईनेही नव्हते. पुढच्या १७ सप्टेंबरला त्यांच्याविषयी पाच मिनिटे बोलण्याची परवानगी मुख्याध्यापकांकडे मागावी, असे तिने ठरविले आहे. पोलीस ॲक्शनमध्ये गेलेल्यांविषयी ती मुलाला घरीच सांगणार आहे, पण थोडा मोठा झाल्यावर. तो किती मोठा झाल्यावर, हे मला तिला सांगता आले नाही.