सत्त्वही बांधतेच

माणसाचा स्वभाव सांगायचा, पण त्याला गुण द्यायचे नाहीत, हे जमते का? कार्ल युंग यांनी 1921 साली मनाची चार कार्ये मांडली: विचार, भावना, संवेदन आणि अंतःप्रेरणा. प्रत्येकात एखादे कार्य पुढे असते आणि त्याच्या समोरचे अविकसित राहते. या मांडणीत उच्चनीच नाही. ते आपण आणतो, कारण शाळेला आणि कचेरीला बहुतेक करून विचारच मोजता येतो. नंदुरबारकडच्या धडगावच्या डोंगरात मोहफुले वेचणारी बाई वाळत घातलेले फूल मुठीत दाबून ओल उरली की नाही ते सांगते. संवेदनाच्या या तयारीला प्रगतिपुस्तकात रकानाच नाही.

यावर कोणी म्हणेल, आपल्या परंपरेतले त्रिगुण ही तर सरळ उतरंडच आहे: खाली तम, मध्ये रज, वर सत्त्व. शिवाय अशी वर्गवारी जन्माला चिकटवली की काय होते, हे जातींच्या इतिहासाने दाखवलेच आहे. आक्षेप खरा आहे. पण 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेच्या चौदाव्या अध्यायावर दिलेले, साने गुरुजींनी टिपून घेतलेले प्रवचन वाचावे. विनोबा तमाला शरीरश्रमाचा उपाय सांगतात, रजाला स्वधर्माच्या मर्यादेचा, आणि सत्त्वालाही सोडत नाहीत: त्याचा अभिमान आणि आसक्ती जिंकायला लावतात. वरची पायरीसुद्धा बांधते, हे मान्य केले की उतरंड निवाडा न राहता निदान बनते. तसाच स्वभावाचा समतोल म्हणजे युंग यांची चारही कार्ये सारख्या मापाने असणे नव्हे. आपले कोणते कार्य आपल्याला कुठे अडवते, याची जाण असणे.

मग बऱ्यावाइटाचा निवाडा करायचाच नाही का? करायचा, पण कृतीचा. तळोदा भागात गुलाम महाराजांनी 1930च्या दशकात उभ्या केलेल्या चळवळीने दारू सोडायला बजावून सांगितले, आणि त्याच वेळी सर्वांना एकमेकांना ‘आप’ म्हणायला शिकवले. सवय निषिद्ध ठरली, माणूस हलका ठरला नाही. स्वभावाचे वर्णन करणाऱ्यानेही हाच नियम पाळावा, आणि दुसऱ्याची उणीव सांगण्याआधी स्वतःचा पुढे असलेला गुण आपल्याला कुठे आंधळा करतो ते सांगावे. एवढे ज्याला जमत नाही, त्याच्या वर्णनाला निवाडाच समजावे.