भोंग्याचे प्रामाण्य

ज्या यंत्राचे सारे आयुष्य संकटाची वर्दी देण्यासाठी वाहिलेले होते, ते यंत्र ते संकट टळून गेल्यावर, किंबहुना ते संकट पाहिलेली पिढीही मावळल्यावर, कुणा हौशी माणसाने भंगारातून सोडवून आणले, घासूनपुसून बोलते केले आणि एके दिवशी आपल्या अंगणात वाजवले, तर त्या आवाजाला सत्य म्हणावे की असत्य, हा प्रश्न वरवर पाहता चेष्टेचा वाटतो. परंतु तो प्रामाण्यशास्त्राचा आहे, आणि माझ्या मते बराचसा धर्मशास्त्राचाही आहे.

जुने भोंगे जमवून दुरुस्त करण्याचा छंद अमेरिकेत व इंग्लंडात चांगलाच रुजला आहे. युद्धाच्या भीतीने गावोगावी उभारलेली ही यंत्रे भीती ओसरल्यावर खांबांवरून उतरवली गेली. ब्रिटनने तर आपले देशव्यापी जाळे गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात मोडीत काढले. आणि सरकारांना जे नकोसे झाले ते हौशी मंडळींनी घरी नेले. क्रायस्लर कंपनीचा 1952 मधला, 180 अश्वशक्तीच्या इंजिनावर चालणारा आणि शंभर फुटांवर 138 डेसिबल आवाज करणारा राक्षसी भोंगा पुन्हा चालता करणे हे त्या संप्रदायात सिद्धीचे लक्षण समजले जाते. आपल्याकडे भोंगा नगरपालिकेच्या माडीवर, गिरणीच्या चिमणीपाशी किंवा नागरी संरक्षण दलाच्या ताब्यात राहिला, आणि 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावातले भोंगे जसे मुके होत गेले, तसा इतरत्रही तो गंजत गेला.

अशा एखाद्या गंजल्या भोंग्याचा लळा नाशिकजवळच्या दिंडोरीतल्या कुणा गृहस्थाला लागला, असे आपण धरून चालू. कसब त्याला दूर शोधावे लागणार नाही. द्राक्षबागांच्या या तालुक्यात विहिरीवरची मोटार जळणे आणि ती रिवाइंडिंगच्या दुकानात नेऊन पुन्हा भरून आणणे हा बारमाही व्यवहार असल्यामुळे तांब्याची तार, वार्निश, बेअरिंग आणि ते बसवणारा जाणता हात ही सारी सामग्री बाजारपेठेतच सापडते. भोंग्याची रचनाही गूढ नाही. मोटारीच्या दांड्यावर पात्यांची एक चक्री, तिच्याभोवती खिडक्या पाडलेले एक स्थिर कडे. चक्री फिरू लागली की खिडक्या आलटून पालटून उघडतात आणि मिटतात, आत ओढलेली हवा तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडते, आणि सेकंदाला असे किती तुकडे पडले यावर स्वराची पट्टी ठरते. दहा खिडक्या आणि मिनिटाला 2800 फेरे असतील तर स्वर सुमारे 467 कंपनांचा निघतो. शार्ल कान्यार द ला तूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1819 साली हे तत्त्व स्वरांची कंपने मोजण्याच्या कामी लावले होते. लोकांना घाबरवावे हा त्याचा हेतू नव्हता. दुरुस्तीचे खरे कौशल्य चक्री आणि कडे यांमधल्या फटीत आहे. ती जितकी अरुंद तितका आवाज खडा, पण गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी चक्री घासते. म्हणून जाणकार मनुष्य आधी आतली कुंभारमाशीची मातीची घरटी काढतो, मग गंज खरवडतो, चक्री हाताने फिरवून पाहतो, आणि त्यानंतरच वीज जोडतो.

वीज जोडल्याक्षणी मात्र तो कारागिरीच्या हद्दीबाहेर पडतो. आपल्या नागरी संरक्षणाच्या संकेतानुसार चढउताराचा, हेलकावे घेणारा स्वर म्हणजे संकट आले, आणि एकाच पट्टीत सलग राहिलेला स्वर म्हणजे संकट टळले. दोन्हींची मुदत दोन मिनिटांची, दोन्हींचे यंत्र एकच, फरक एवढाच की पहिल्यात कळीवरचा हात मधूनमधून वीज तोडतो आणि दुसऱ्यात तोडत नाही. भय आणि अभय यांचा कंठ एक असावा ही गोष्ट मला या यंत्रातील सर्वांत विचारणीय वाटते.

आता या आवाजाचे प्रामाण्य कशात आहे? भोंगा काही वर्णन करीत नाही. विमाने आली आहेत की धरणाचे दरवाजे उघडले आहेत, हे तो सांगत नाही. तो केवळ ‘ऊठ, आडोसा गाठ’ अशी प्रेरणा देतो, आणि शब्दावाचून दिलेला असा विधी पाहिला म्हणजे मीमांसकांची चोदना, म्हणजे वेदाने दिलेली कर्माची प्रेरणा, सहज आठवते. पण मीमांसकांचा आधार येथे फार वेळ टिकत नाही, कारण त्यांच्या विधीचे सामर्थ्य तो कुणीच रचलेला नाही यात आहे, आणि भोंगा तर आपादमस्तक मनुष्यकृत आहे. त्याच्या मागे कुणीतरी बसलेला असतो, त्याला कुठून तरी इतला आलेली असते, आणि तो चुकूही शकतो. म्हणून आपल्याला नैयायिकांच्या दारी जावे लागते. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने आप्ताचे, म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण मानावा त्याचे, लक्षण असे केले की ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आणि जशी जाणली तशी इतरांना कळवावी या इच्छेने जो बोलला, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू आहे, असे त्याने निःसंदिग्धपणे नोंदवून ठेवले. आपल्या परंपरेने या वाक्याचा उपयोग फार कमी केला, हे मला खेदाने म्हणावे लागते. गावाच्या वेशीवर रात्रभर जागणारा वेसकर हाच आपला सर्वांत जुना भोंगा होता. त्याच्या हाकेवर पाटलापासून ब्राह्मणापर्यंत सारे गाव अंथरुणातून उठत असे, म्हणजे त्याच्या शब्दाचे प्रामाण्य गावाला पूर्णपणे मान्य होते, आणि तरीही त्याला वेशीच्या आत घर बांधता येत नव्हते. ज्याचा शब्द प्रमाण त्याचा स्पर्श निषिद्ध, ही विसंगती न्यायशास्त्राच्या कोणत्याही अवयवात बसत नाही.

म्लेच्छाच्या प्रामाण्याचे उदाहरण तर नाशिककरांच्या नित्य दृष्टीस पडते. 1747 साली नारोशंकर राजेबहादूर यांनी गोदातीरी बांधलेल्या रामेश्वराच्या देवळाला जी प्रचंड घंटा आहे, ती वसईच्या 1739 च्या विजयानंतर पोर्तुगीजांच्या मुलुखातून आलेली, आणि तिच्यावर 1721 हे ख्रिस्ती साल कोरलेले आहे. चिमाजी अप्पांच्या त्या मोहिमेतील घंटा महाराष्ट्रभर विखुरल्या. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणविसांच्या घाटावर 1707 ची जी घंटा आहे तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आजही स्पष्ट दिसते. परक्यांची नादयंत्रे जमवून आपल्याकडे पुन्हा बोलती करण्याचा हा उद्योग आपल्या पूर्वजांनी, लूट म्हणून का होईना, पावणेतीनशे वर्षांपूर्वीच केला होता. आणि मेरीच्या घंटेने शंकरापुढे नाद केला म्हणून ती खोटे बोलली, असे त्यांपैकी कुणालाही वाटले नाही.

मग भोंग्याच्या बाबतीतच का वाटावे? येथे कुणी वाद घालील की घंटेचा धर्म बदलू शकतो तसा भोंग्याचाही बदलेल. मला हे मान्य नाही. घंटा बोलावते; तिने कुणाला बोलवायचे हे बदलले तरी बोलावण्याचे स्वरूप तेच राहते. चढउताराचा भोंगा ऐकणाऱ्याच्या बुद्धीला विचारीत नाही, तो थेट त्याच्या छातीत शिरतो. गोठ्यातली गाय, खाटेवरचा रुग्ण आणि सीमेवरून परतलेला जवान यांना, हा केवळ छंद आहे, हे समजावून सांगण्याची सोय त्या स्वरात नाही. शिवाय दिंडोरी म्हणजे ओझरची शेजारीण. 1964 पासून जेथे लढाऊ विमानांचा कारखाना आहे त्याच्या छायेतल्या गावात हा स्वर विनोद म्हणून ऐकला जाणार नाही. नाशिकहून दिंडोरीकडे येताना वाटेत म्हसरूळला गजपंथाचे जैन सिद्धक्षेत्र लागते. तेथे वंदनेला येणाऱ्या श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडविरती नावाचे एक व्रत आहे, म्हणजे ज्या पीडेने आपला काही अर्थ साधत नाही ती पीडा न देण्याचे व्रत. हौसेखातर वाजवलेल्या संकटसूचक भोंग्याला याहून नेमके नाव मला सापडलेले नाही.

आपल्या शासनानेही, बहुधा नकळत, नैयायिकांचीच बाजू घेतली आहे. 7 मे 2025 रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, त्याच्या यादीत नाशिक, मनमाड आणि सिन्नर ही नावे होती. आणि 10 मे रोजी वृत्तवाहिन्यांना सूचना निघाली की जनजागृतीखेरीज आपल्या कार्यक्रमांत भोंग्याचा आवाज वापरू नये, कारण तो रोज ऐकून लोकांचे कान निबर झाले तर खऱ्या वेळी कुणी हलणार नाही. खोटा इशारा आजच्या माणसाला फसवतो, आणि शिवाय उद्याच्या खऱ्या इशाऱ्याचे प्रामाण्यही आगाऊ खर्चून टाकतो. उलट सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात ऑगस्ट 2022 पासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरी दूरदर्शन व मोबाइल दीड तास बंद होतात; त्यात असत्याचा लेशही नाही, कारण तो संकेत गावाने बैठकीत बसून स्वतःच ठरवला आहे.

तेव्हा दुरुस्त केलेला भोंगा कायमचा मुका ठेवावा काय? माझे मत तसे नाही, कारण बोलू शकणाऱ्या यंत्राला केवळ रंग देऊन शोभेला बसवणे म्हणजे त्याची अर्धीच दुरुस्ती करणे होय. चढउताराचा स्वर हा अधिकाराचा स्वर आहे. ज्याच्याकडे संकटाचे प्रत्यक्ष ज्ञान आणि ते कळवण्याची नेमणूक नाही त्याने तो कधीही काढू नये. सलग स्वराचे तसे नाही. अभयदानाला आपल्या अनेक दर्शनांनी सर्व दानांच्या शिरोभागी बसवले आहे, आणि संन्यास घेणारा मनुष्य सर्वस्व सोडताना भूतमात्राला पहिली गोष्ट देतो ती अभय हीच. ‘संकट नाही’ एवढेच सांगणारा स्वर, संकट खरोखरच नसताना, कुणीही काढला तरी तो सत्यच असतो, आणि तो सांगणाऱ्याला आप्त होण्यासाठी आकाश निरभ्र आहे हे पाहण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

त्यासाठी मुहूर्तही शोधावा लागणार नाही. दर वर्षी 30 जानेवारीला, महात्मा गांधींच्या हत्येच्या दिवशी, हुतात्म्यांसाठी दोन मिनिटे स्तब्धता पाळावी, आणि जेथे भोंगा असेल तेथे 10 वाजून 59 मिनिटांपासून 11 वाजेपर्यंत तो वाजवून तिचा आरंभ व 11 वाजून 2 मिनिटांपासून 11 वाजून 3 मिनिटांपर्यंत वाजवून तिची समाप्ती कळवावी, अशी सरकारची सूचना असते. ज्या कुणा दिंडोरीकराकडे किंवा अन्य गावच्या छंदिष्टाकडे असे यंत्र असेल त्याने तहसील कचेरीत व पोलिस ठाण्यात आधी लेखी अर्ज द्यावा, शेजाऱ्यांना आदल्या दिवशी घरोघर जाऊन कळवावे, स्वतःच्या कानांना बोळे घालावेत, आणि परवानगी मिळाली तर त्या दिवशी, त्या वेळी, सलग स्वरातच तो वाजवावा. आणि ज्या नगरपालिकांच्या गच्चीवर असे भोंगे अजून शिल्लक आहेत त्यांनी ते भंगाराच्या लिलावात काढण्यापूर्वी त्यांवरची कारखानदाराची पट्टी वाचून तिची नोंद दप्तरात करून ठेवावी, एवढी माझी विनंती आहे.