औलीचा रिकामा उतार

निर्जन स्थळांची आवड असल्याचे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. परंतु आपल्याला हवी असलेली निर्जनता चहाची टपरी उघडी असणारी, खोलीत गरम पाण्याचा बंदोबस्त असणारी आणि हाक मारताच माणूस हजर होणारी अशी असते, हे मला 2024च्या फेब्रुवारीत, गढवालातील औलीच्या हिमाच्छादित उतारावर उभे असताना जाणवले. समोर 7,816 मीटर उंचीची नंदादेवी, मागे देवदारांची रांग आणि साऱ्या उतारावर मोजून सात माणसे! जोशीमठाहून वर येणारा सुमारे 4 किलोमीटर लांबीचा रज्जुमार्ग, 2023च्या जानेवारीत त्या गावच्या घरांना तडे गेले तेव्हा जो बंद पडला तो बंदच होता. म्हणजे ज्या निःशब्दतेला मी निसर्गाचे औदार्य समजत होतो, तिच्या मुळाशी एका गावाची खचलेली जमीन होती. जोशीमठ जुन्या दरडीच्या राशीवर वसले असून तेथील अवजड बांधकामास आळा घालावा, असे सरकारनेच नेमलेल्या मिश्रा समितीने 1976 सालीच सरकारला कळविले होते. दप्तरी दाखल झालेला इशारा दप्तरातच सुखरूप राहावा, हा आपल्याकडचा जुना दस्तूर.

मी आलो होतो स्कीइंग शिकायला. भाड्याच्या बुटाचे बक्कल गोठून बसले होते. शिक्षकाने गुडघे टेकून त्यावर तोंडाची वाफ सोडली, तळव्याचा एक ठोका दिला आणि मग पहिला धडा दिला तो थांबण्याचा : स्कींची टोके जवळ आणून टाचा फाकल्या, की नांगराच्या फाळासारखे हिम पुढे लोटले जाते व देह सावकाश थबकतो. मी अकरा वेळा पडलो. पाहणारे कोणी नसल्याने एकदाही ओशाळलो नाही, हा गर्दी नसण्याचा लाभ प्रामाणिकपणे नमूद करतो.

दुपारी चहा घेताना त्या शांततेची मी तोंडभरून स्तुती केली. शिक्षकाने मान डोलावली आणि तो म्हणाला, “खरं आहे, साहेब. रोपवे चालू होता तेव्हा या वेळेला चहा प्यायलाही सवड नसायची. आज सकाळपासून तुम्ही पहिलेच.”

मी पेल्यात पाहत राहिलो. गर्दी नाही याच सबबीवर, सकाळी त्याच्या दिवसभराच्या मेहनतान्यातून मी दोनशे रुपये कमी करून घेतले होते.