पॅकेजमधला समुद्र

अबुल हसन कुतुबशहाला खाण्यापिण्याची ददात नव्हती. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडला, औरंगजेबाने या शेवटच्या कुतुबशहाला दौलताबादला आणून चिनी महालात ठेवलं आणि उरलेली सुमारे बारा वर्षं त्याने तिथेच काढली. राहण्या-जेवणाचा भार बादशहाकडे. भिंतीवरच्या ज्या निळ्या फरशांमुळे महालाला हे नाव पडलं, त्यांचे आता जेमतेम तुकडे दिसतात.

“म्हणजे ऑल इन्क्लुझिव्हच की!” मृणाल म्हणाली.

शोभावहिनींना टोमणा बरोबर कळला. गोव्याच्या रिसॉर्टचं त्यांनीच सुचवलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी आत, रविवारी दुपारी बाहेर. नाश्ता, दोन्ही वेळचं जेवण, पेयं, पोरांचे खेळ, सगळं एकाच रकमेत. मनगटाला पट्टी बांधली की पाकिटाला सुट्टी. नणंदेला हे पटत नव्हतं आणि आज दौलताबादचा किल्ला बघताना तिला आयता कैदी सापडला होता.

“तुझा सुलतान बाहेर पडू शकत नव्हता. मी पडू शकते.”

“शकतेस, पण पडणार नाहीस. आतल्या जेवणाचे पैसे आधीच भरलेत. मग गावातल्या खानावळीत फिश करीसाठी वेगळे कशाला मोजशील? तुला अडवायला पहारेकरी लागतच नाही वहिनी, पैसे वसूल करायची सवय पुरते.”

हा तर्क निव्वळ हवेतला नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया या छोट्या देशाने १९९९ मध्ये अशा पॅकेजवर बंदीच घातली होती. पाहुणे हॉटेलच्या आवारातच खाऊन-पिऊन परत जातात, मग बाहेरच्या हॉटेलवाल्याने, टॅक्सीवाल्याने कुणाच्या तोंडाकडे बघायचं, असा सवाल होता. साधारण वर्षभरात बंदी उठली. पर्यटक दुसऱ्या देशाकडे वळतील ही धास्ती अशा वेळी मोठी ठरते.

“खाली दरवाज्याबाहेर पेरू विकायला बसतात ना,” मृणालने रेटलं, “आपण सगळे पट्ट्या बांधून आलो असतो, तर त्यांच्याकडून कोण घेणार होतं?”

वहिनी पायरीवर टेकल्या. “बरं. तारकर्लीला घरगुती मुक्कामाला गेलो होतो, तेव्हा पैसा गावातच राहिला. छान झालं. पण सकाळी चहाबरोबर मालकीणबाई विचारायला कुणाकडे आल्या? माझ्याकडे. शाकाहारी ताटं किती, आईंना तिखट चालेल का, रात्री भाकरी की चपाती? तुम्ही सगळे पाण्यात आणि मी ताटं मोजत ओसरीवर. मृणाल, मला समुद्राचं फारसं काही नाही गं. दोन दिवस ‘आज काय करायचं’ हे कुणी मला विचारू नये, एवढंच हवंय.”

“पण हा प्रश्न रिसॉर्टने का सोडवायचा? दादाने सोडवायला हवा.”

“तो सोडवेल तोवर माझे गुडघे जातील.”

इथे मृणालची बाजू लंगडी पडते, हे मान्य करायला हवं. गावाच्या अर्थकारणाची काळजी वाहायची आणि ती ज्या सुट्टीतून वाहायची तिचं सारं नियोजन घरातल्या एकाच बाईच्या माथी मारायचं, हा न्याय सोयीचा आहे. या पॅकेजचा उगमही श्रीमंती मिरवण्यासाठी झालेला नव्हता. १९५० मध्ये बेल्जियमच्या जेरार ब्लिट्झने क्लब मेड काढला, तेव्हा मायोर्कातल्या अल्कुदियाच्या किनाऱ्यावर तंबू ठोकले होते. युद्धातून नुकत्याच सावरणाऱ्या लोकांनी थोडे दिवस पैसा आणि पायरी दोन्ही विसरावं, ही कल्पना. पुढे तिथे बारमधल्या पेयांसाठी गळ्यातल्या माळेचे मणी मोजून देऊ लागले. पाकीट गेलं, मोजणं राहिलंच.

मृणालने जेवणाचा मुद्दा सोडून दिला, हे तिचं शहाणपण.

“ठीक आहे, जेवण दे त्यांच्यावर सोपवून. पण समुद्र? तो त्यांना कुणी विकला?”

तिच्या मनात पणजीजवळच्या दोना पावलाचं वायंगिणी होतं. तिथे सिदाद द गोवा या हॉटेलासाठी सरकारने जमीन संपादित करून दिली, ती लोकांची किनाऱ्यावर जायची वाट खुली राहील या अटीवर. वाटेवरून वाद पेटला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००९ मध्ये न्यायालयाने वाट लोकांची ठरवून आड येणारं वाढीव बांधकाम पाडायला सांगितलं. गोवा सरकारने मग भूसंपादन कायद्यातच दुरुस्ती केली आणि बांधकाम वाचलं. भरती-ओहोटीच्या रेषांमधला किनारा कुणा हॉटेलाच्या मालकीचा नसतो. पण तिथवर पोचायची पाऊलवाट कुंपणात गेली, तर ही मालकी कागदावर राहते.

“हे मला पटलं,” वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी तिथूनच रिसॉर्टला फोन लावला. तुमच्या आवारातून गावातल्या लोकांना किनाऱ्यावर जाता येतं का?

पलीकडचा मुलगा अदबीने म्हणाला, “काळजी नको मॅडम, आपला बीच एकदम प्रायव्हेट आहे. बाहेरचं कुणी येत नाही.”

“कौतुकाने सांगतोय गं,” फोन ठेवत वहिनी म्हणाल्या.

“मग? तारकर्ली?”

“मुळीच नाही. ज्याची वाट उघडी आहे असं रिसॉर्ट शोधायचं.” त्यांनी पदर खोचला आणि खंदकावरच्या पुलाच्या दिशेने निघाल्या. “फोन तू करायचे, पैसे दादाने भरायचे. आणि जेवण त्यातच असलं पाहिजे.”