बापाच्या जागी

मुंबईच्या गिरणगावात पोरगा नोकरीला ‘लागत’ नसे, त्याला कुणीतरी ‘लावत’ असे. बापाने, काकाने, नाहीतर गाववाल्याने. रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेला मुलगा भाऊबंदांच्या गाळ्यात वळकटी टाकायचा, खानावळ लावायचा आणि ओळखीच्या शब्दावर माणसं भरणाऱ्या जॉबरसमोर उभा राहायचा. जॉबरचे हात ओले करावे लागत, ते वेगळं. त्याचं हे वजन कमी व्हावं म्हणून 1935 साली गिरणीमालकांच्या संघाने खाड्याच्या जागी काम करणाऱ्यांसाठी बदली कार्डं काढली. तरी पाळीच्या वेळी फाटकाशी ताटकळणं काही सुटलं नाही. कुणी खाडा केला तर आत, नाहीतर परत चाळीत. अशी वर्षं काढून कायम झालेल्या माणसाला आपली जागा पोराला मिळावी असं वाटलं, तर त्याला नावं कोण ठेवणार?

पण हीच गोष्ट सांचेखात्यातून, म्हणजे विणाईच्या खात्यातून पाहिली की वेगळी दिसते. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घेत. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणाईत घेत नसत. चांगला पगार नेमका तिथेच. त्यांच्या वाट्याला सूतकताईचं रिंगखातं. 1928च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे तो संपाच्या मागण्यांत आला, तोही नाखुशीने. सांचेखात्यात बापच नव्हता, तिथे मुलाला लावणार कोण? फाटकावर मनाईची पाटी लावायची गरजच पडत नसे. नात्यागोत्याची भरती ते काम गुपचूप करी.

बायकांचंही तेच. 1920च्या दशकात गिरण्यांत साधारण पाचवा हिस्सा त्यांचा होता, पुढे तो घटत गेला. आईच्या जागी लेक, हे फारसं ऐकिवात नाही.

18 जानेवारी 1982ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसं बाहेर पडली. संप मागे घेतल्याची घोषणा मात्र रीतसर कधी झालीच नाही. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, आणि द्यायला नोकरीच उरली नाही.

तरी ‘वारस’ हा शब्द टिकला. गिरण्यांच्या जमिनीवरच्या घरांसाठी कामगारांचे आणि त्यांच्या वारसांचे लाखभराहून अधिक अर्ज आले. नातू आजोबांचं तिकीट नंबर असलेलं ओळखपत्र, फंडाचा कागद, विम्याचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून रांगेत उभा राहतो. अट अशी, की कामगार 1 जानेवारी 1982ला किंवा त्यानंतर कामावर असला पाहिजे. आजोबा चाळीस वर्षं सांचे चालवून त्याच्या आदल्या वर्षी निवृत्त झाले असतील, तर त्यांच्या नावावरचा अर्ज खिडकीतून परत येतो.